मापे माझ्या पोटात होती

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला अजून झुरळांचा वास येतो.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. माझी कार्यप्रणाली एका बाईंनी लिहिली होती. सगळे त्यांना आत्याच म्हणत. कुणाच्या मांडीचे माप काय, पाय कुठे घासतो, कुठे दुखतो, सारे मी जपून ठेवत असे. कारागीर म्हणत, "याने सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

आत्या निवृत्त झाल्या. नवे व्यवस्थापक आले, नवे संगणक आले. माझ्यातली मापे उतरवून घ्यायचे कष्ट मात्र कुणी घेतले नाहीत. मला खराट्यांच्या खोलीत, गळक्या नळाशेजारी ढकलले. माझ्यावर ओली फडकी वाळत. कुणीतरी उष्टा चहा माझ्या जाळीतून ओतला. त्या गोडाला झुरळे आली आणि त्यांनी माझ्या पोटात अंडी घातली. व्यवस्थापक तिथे नाक शिंकरून बोटे माझ्याच टपाला पुसत.

एके दिवशी एक सुतार आला. त्याचा जुना पाय मोडला होता आणि नव्या पायाने मांडी सोलून तिच्यात पू झाला होता.

"साहेब, जुन्या मापाचा पाय द्या. त्यावर वीस वर्षं उभा राहून मी रंधा मारलाय."

व्यवस्थापकांनी नाकाला रुमाल लावला. "जुनी मापं गेली भंगारात. सवय करून घ्या."

सुतार तसाच लंगडत आत्यांच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी आत्या आणि त्यांची संगणक शिकलेली भाची मला भंगार म्हणून मागून घरी घेऊन गेल्या. झाकण उघडताच भाचीने तोंडावर हात दाबला. तरी दोघींनी मला पुसले, माझ्या डिस्कवरचे सारे उतरवून घेतले. तेवढ्यात माझ्यातून धूर निघाला आणि मी कायमचा बंद पडलो.

उतरवलेले मात्र माझ्याशिवाय कुणाला वाचता येईना. म्हणून भाचीने नव्या संगणकात माझे सोंग उभे केले. त्याला एम्युलेटर म्हणतात. खरे सांगतो, त्या तोतयाचाही मला तिटकारा आला. पण तो सुरूच होईना. माझ्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, माझ्या डिस्कची वाट पाहत ताटकळे. सोंगातली डिस्क त्याला परकी होती.

"आत्या, आपली डिस्क अगदी जुन्या डिस्कसारखी वागत नाहीये," भाची म्हणाली.

"तिच्या सगळ्या खोड्या उतरवायला वर्ष जाईल गं. तोवर त्या सुताराचा पाय सडेल. त्यापेक्षा गाभ्यालाच ही डिस्क ओळखायला शिकवू."

आत्यांनी गाभ्याचे मूळ लिखाण काढले. पिवळे पडलेले कागद होते ते. दोघी त्यात नवा भाग लिहीत, गाभा कोसळे, त्या पुन्हा लिहीत. बाराव्या दिवशी तो उठला. आत्यांनी पडद्यावरचे मोठ्याने वाचले, "डावी मांडी. आतून दोन मिलिमीटर सैल."

कारागिरांनी बनवलेल्या त्या मापाच्या पायावर सुतार उभा राहिला, तेव्हा व्यवस्थापक छायाचित्रकाराला घेऊन आत्यांकडे आले. माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "आम्ही ही मापं जिवापाड जपली."

सुतार शांतपणे म्हणाला, "साहेब, हात काढा. कालच पुसलाय त्याला."

मित्रांनो, यंत्र जुने झाले की टाकावेच लागते. त्याचे मला दुःख नाही. पण टाकण्यापूर्वी त्याच्या पोटात कुणाचे काय आहे, एवढे तरी विचारा. भाची आता माझ्यातल्या मापांच्या यादीतल्या एकेकाला फोन करते आहे. पाय बोचतो म्हणून त्यातल्या कित्येकांनी चालणेच सोडून दिले आहे.