मखमलीची पाठ

नटवीचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे. थोरली बहीण तिला लहानपणापासून नटवी म्हणायची, आणि हिने ते नाव मोठ्या तोऱ्यात मिरवलं. दिवसभर विमा कचेरीत खिडकीमागे बसून लोकांचे कागद तपासायचे आणि संध्याकाळी घरी आली की पिशवी कुठे, चपला कुठे, बाई थेट शिलाई मशीनवर. घरातल्या जेवायच्या टेबलावर कायम कापड पसरलेलं. पाहुणा आलाच तर त्याने ताट मांडीवर घ्यायचं आणि सांडलंस तर बघ, असा दम ऐकत जेवायचं.

पण शिवायची मात्र काय! दुकानाच्या काचेत एखादा झगा दिसला की तिथेच खिळायची. आत जायची, अंगाला लावून बघायची, शिवण उलटून आतली बाजू न्याहाळायची, आणि "रंग नाही आवडला" असं तोंड वर करून सांगून बाहेर पडायची. पुढच्या रविवारी तोच झगा हिच्या अंगावर, वर दोन खिसे जास्तीचे. बाहीचा गोल मुंढ्यात एका दमात बसला की एकटीच टाळ्या वाजवायची. मी चेष्टा करत नाहीये. आपल्या हाताने, आपल्याच मापाने बेतलेला कपडा घालून आरशासमोर उभं राहण्यात जे सुख आहे ना, ते तयार कपडे घेणाऱ्यांना नाही कळायचं. कुठे ओढत नाही, कुठे टोचत नाही, आणि कुणाचीही परवानगी लागत नाही.

ताईचं अगदी उलट. ताई मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हाताखालून जायचं. आई गेल्यावर नटवीला वाढवलं ते तिनेच, आणि त्या भानगडीत स्वतः नटायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. बारा महिने तोच फिका निळा गणवेश. कपडा म्हणजे धुवायची वस्तू, एवढंच तिचं मत.

तर ही ताई निवृत्त व्हायची वेळ आली, आणि एके दिवशी ती काखेत एक पुडकं घेऊन नटवीकडे आली. दारातच म्हणाली, "हे बघ, हसायचं नाही हं."

पुडक्यात मखमल होती. गडद हिरवी. नटवीने बोट टेकवलं ते उचलेचना.

"निरोपाच्या कार्यक्रमात मला वर बोलावणार आहेत," ताई म्हणाली. "म्हटलं, जन्मात एकदा नटून बघू. ते कोपऱ्यावरचं कापडाचं दुकान बंद होतंय ना, त्याच्याकडे ताग्याचं हे शेवटचंच होतं. पुरेल ना गं? लांब ड्रेस हवाय मला, पायापर्यंत."

"पुरेल की."

"आणि मला शोभेल?"

"ताई, अगं राणी दिसशील!" नटवी म्हणाली, आणि ते ती अगदी मनापासून म्हणाली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तिने जे केलं ते ऐकून तुम्ही तिला नावं ठेवणार आहात.

आता मखमलीचं एक असतं. तिला लव असते. एका दिशेने हात फिरवा, गुळगुळीत लागते आणि रंग उजळ दिसतो. उलट्या दिशेने फिरवा, खरखरीत लागते आणि रंग गडद, खोल. म्हणून कापताना सगळे तुकडे एकाच दिशेने मांडायचे. एखादा जरी उलटा लागला तरी एकाच ताग्यातला तो तुकडा परका दिसतो. शिवणाऱ्या पोरीसोरींनाही हे माहीत असतं. नटवीला तर झोपेत उठवून विचारा.

तिने ताईच्या मापाचे कागद कापडावर मांडले. घेरदार घागऱ्याचे तुकडे, बाह्या, पुढचा भाग, पाठीचा भाग. सगळे नीट एका दिशेने. कापड बरोबर पुरत होतं, कडेच्या चिंध्या तेवढ्या उरत होत्या.

मग तिला दिसलं, की पाठीचा तुकडा फिरवून डोकं खाली केलं, तर तो घेराच्या दोन तुकड्यांमधल्या फटीत चपखल बसतो. आणि तसं केलं की दुसऱ्या टोकाला चांगला मोठा सलग तुकडा सुटतो. बिनबाह्यांचं एक छोटं जॅकेट निघेल एवढा. पांढऱ्या शर्टावर, उंच कॉलरचं, आतून रेशमी अस्तराचं. नटवीला ते जॅकेट शिवून, बटणं लावून, अंगात घातलेलं दिसलं सुद्धा.

मागायचं ना सरळ! ताईने ड्रेस घोट्याच्या वर घ्यायला सांगितला असता, पण तुकडा दिला असता. तिने आयुष्यभर दिलंच होतं. पण पुन्हा एकदा मागायची नटवीला लाज वाटली. चोरायची नाही वाटली, बघा.

"पाठ कोण बघतंय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि कात्री चालवली.

मखमल शिवणं म्हणजे जिवाला घोर. मशीनखाली दोन थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून आधी सगळीकडे हाताने कच्चे टाके घालायचे. इस्त्री सरळ टेकवायची नाही, नाहीतर लव चेपते. खाली टॉवेल पसरून उलट बाजूने नुसती वाफ द्यायची. नटवीने हे सगळं मन लावून केलं. पुढचा भाग तर असा उतरला की तिचं तिलाच भरून आलं.

ताई माप बघायला आली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. तिने ड्रेस घातला, खिडकीपाशी उभी राहिली, आणि नटवीची नजर तिच्या पाठीवर गेली. पुढून ड्रेस जंगलासारखा गडद. मागून कमरेखाली तसाच. आणि कमरेच्या वर, दोन खांद्यांच्या मध्ये, विटल्यासारखा फिकट तुकडा. लपण्यातला नव्हता.

नटवीकडचा आरसा लहान. त्यात ताईला छातीपर्यंतची ताई तेवढी दिसत होती. तिने स्वतःकडे बघितलं, लाजली, केस मागे सारले. मग मान वळवायचा प्रयत्न करत म्हणाली, "पुढून झ्याक झालाय गं. मागून कशी दिसतेय?"

वाचवलेला तुकडा तेव्हा कपाटात घडी करून अखंड पडलेला होता. त्यातून पाठ पुन्हा कापता आली असती, या वेळी नीट. थोडं उसवायचं, थोडं शिवायचं, बस. ताईला काही कळलंही नसतं.

"मस्त," नटवी म्हणाली.

"खरंच ना? मला कुठे दिसतंय."

"अगं मस्त म्हणतेय ना! हलू नकोस, टाचणी लागेल."

ताई गेली, आणि त्याच संध्याकाळी नटवीने जॅकेट कापलं. सगळे तुकडे एकाच दिशेने मांडून.

कार्यक्रम इस्पितळाच्या उपाहारगृहात होता. टेबलं भिंतीला सारलेली, खुर्च्यांच्या रांगा, समोर लाकडी व्यासपीठ, आणि वर डोळे दिपवणारे दिवे. नटवी जॅकेट घालूनच आली होती. ताईला तिने सांगितलं होतं की उरल्यासुरल्यातून जमवलं, आणि ताई खूश होऊन म्हणाली होती, "बरं झालं बाई, काही वाया नाही गेलं." एवढं होऊनही जॅकेट घरी ठेवून यायचं तिला सुचलं नाही. अंगावर इतकं सुंदर बसलं होतं ते!

ताई दारातून आत आली तेव्हा धुलाईखान्यातल्या सगळ्या बायका उभ्याच राहिल्या. "अगं बाई, ही कोण?" "आमच्या बाईंना कुठे लपवून ठेवलंत?" ताईचा चेहरा लाल. "धाकटीने शिवलाय," ती एकेकीला धरून सांगत होती, "तिच्या हातात जादू आहे, मी म्हणत नव्हते?" नटवी लांबून बघत होती. क्षणभर तिला वाटलं, झालं, निभावलं.

मग ताई खुर्चीकडे जायला वळली.

बायकांच्या नजरा तिच्या पाठीवर खिळल्या. मग इस्त्रीवाली पुढे झाली. आयुष्य डाग काढण्यात गेलेल्या बायका त्या, डाग दिसला की हात थोडेच स्वस्थ बसणार? तिने ताईची पाठ तळहाताने झटकली. "भिंतीला टेकलात वाटतं, चुना लागलाय." चुना जाईना. दुसरीने रुमालाने पुसलं. तिसरीने रुमाल ओला करून आणला. जसा हात फिरेल तसा रंग जरा हलायचा, आणि पुन्हा होता तसा. "पावडर असेल." "नाही गं, रंगच उडालाय." "घामाने गेला असेल, हिरवा कच्चाच असतो." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण रांगांमधले लोक आता वळून बघायला लागले होते, आणि मध्ये ताई, मान खाली घालून, पाठ पुसून घेत उभी होती.

नटवीला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. तिने बायकांमधून वाट काढली, ताईचा हात धरला आणि तिला बाहेरच्या बोळात नेलं.

बोळात ताई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मघाचा लाल चेहरा उतरला होता. नटवीने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "माफ कर हं मला."

"तू काय..."

"तुझी एवढी मेहनत, आणि मी एका संध्याकाळात वाट लावली. घाम येतो गं मला फार. जन्म वाफेत काढला, अंगाला सवयच लागलीय. असले कपडे घालायला अंगही तसं लागतं. मला कुठलं सोसतंय मखमलीचं." तिने दोन्ही हात अंगाशी घट्ट धरले होते. "आता कुणी मिठी मारायला आलं तर काय करू? वर तरी कशी जाऊ?"

ताई ओरडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर नटवीला सोसलं असतं.

"घाम नाहीये तो," ती म्हणाली.

"मग?"

"मी पाठीचा तुकडा उलटा कापला. मखमलीला एक दिशा असते. मला माहीत होतं."

ताईला कळलं नाही.

"चुकून नाही ताई. उलटा लावला की कापड वाचत होतं. ह्याच्यासाठी." नटवीने जॅकेटला हात लावला, आणि हात लावायचीही लाज वाटून काढून घेतला. "हे उरलेलं नव्हतं. मी उरवलं."

ताईने जॅकेटकडे पाहिलं. कॉलर पाहिली, बटणं पाहिली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "म्हणजे माझ्या घामाने नाही ना गेला रंग?"

"नाही गं, नाही. तुझं काहीच नाही त्यात."

ताईने सुस्कारा सोडला. इतका वेळ अंगाशी आवळून धरलेले हात सैल पडले. तिला हायसं वाटलं होतं, आणि ते बघणं नटवीला सगळ्यांत जड गेलं. आपल्यामुळे हिला स्वतःच्या अंगाची लाज वाटली, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

"आणि त्या दिवशी खिडकीपाशी?" ताई म्हणाली. "दिसत होतं तेव्हा?"

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

नटवी रडायला लागली. ताईने तिला जवळ घेतलं नाही. लहानपणापासून नटवी रडली आणि ताईने जवळ घेतलं नाही, असं कधी झालं नव्हतं. ती समोरच्या बंद दाराकडे बघत राहिली. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला, टाळ्या सुरू झाल्या.

"मी काढते हे," नटवी बटणं सोडायला लागली, "काढून टाकते, फेकते..."

"राहू दे. लोक विचारतील का काढलंस, मग काय सांगशील?" ताईने हात फिरवून समोरचा घेर सारखा केला. अजून ती नटवीकडे बघत नव्हती. "माझ्या मागून चल. अगदी चिकटून. वर गेले की मी भिंतीकडे पाठ करून उभी राहीन, तू तिथेच मागे थांब. मी सगळ्यांना सांगून बसलेय तुझ्या हाताबद्दल. उगाच तुला नावं ठेवायला नकोत कुणी."

"ताई, नको गं..."

"डोळे पूस आणि चल. बोलावतायत."

दार उघडलं. ताई ताठ मानेने निघाली, आणि रांगांमधून बायका हात पुढे करून तिचे हात दाबायला लागल्या. नटवी मागोमाग, तिच्या पावलात पाऊल टाकत. तो फिकट तुकडा आपल्या अंगाने झाकत ती व्यासपीठापर्यंत चालत गेली, पायऱ्या चढली, आणि मागे उभी राहिली. ताई बोलायला लागली. आवाज सुरुवातीला कापला, मग लागला. समोर सगळे हसत होते, डोळे पुसत होते. ताईची पाठ नटवीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होती, आणि त्या भरल्या सभेत ती फक्त तिला एकटीलाच दिसत होती.