चेंबरवरचं गाऱ्हाणं

मालनवहिनी सकाळपासून लाल माठ उपटत होत्या. विकायला नाही, फेकायला. चाळीमागच्या तुंबलेल्या चेंबरचं पाणी चार महिने त्यांच्या वाफ्यात मुरत होतं. माती काळी, बुळबुळीत झालेली, आणि वास असा की जेवताना माणूस तोंडाने श्वास घ्यायचा. याच भाजीची टोपली घेऊन त्या चेकनाक्यावर बसत. आता गिऱ्हाईक चाळीचं नाव ऐकूनच पुढे सरकायचं.

आम्ही अ‍ॅपवर तक्रार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, काम पूर्ण. सोबत स्वच्छ, कोरड्या चेंबरचा फोटो. त्याच्याशेजारी गुलमोहर होता. आमच्याकडे गुलमोहर नाही. पुन्हा तक्रार केली, पुन्हा गुलमोहर आला.

अखेर वॉर्डातले इंजिनिअर देवेशसाहेब नाकाला रुमाल लावून पाहणीला आले. मोबाइलवरचा फोटो बघून म्हणाले, रेकॉर्डप्रमाणे हे साफ आहे. बुटाखाली जे होतं ते रेकॉर्डबाहेरचं.

वहिनींचे यजमान सहदेवदादा मालवणकडचे. गावच्या देवळात गाऱ्हाणं तेच घालत. त्यांनी घरातून नारळ आणला, त्या घाणीच्या काठावर ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, चार म्हयने माजी बायल ह्या घाणीत हात घालता..."

"व्हय म्हाराजा," चाळ म्हणाली.

"गाळ काढलो म्हणान जेणां खोटो फोटो लावल्यान, तेचो न्याय तूच कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

यातला सगळ्यात खणखणीत आवाज देवेशसाहेबांचा होता. साहेब कुडाळचे. रुमाल खाली पडलेला, हात जोडलेले, लहानपणीची सवय. बोलून गेल्यावर चेहरा उतरला.

दुसऱ्या सकाळी ते आपणहून आले. गाऱ्हाणं मागे घ्या म्हणाले, ते ऐकून घरी आईने जेवण सोडलंय.

"आदी गाळ काढा," सहदेवदादा म्हणाले. "मगे देवाक सांगतंय."

दुपारी मुकादम गाळाची गाडी घेऊन आला, चेंबर मोकळं झालं. चार महिने दारातल्या माणसांना न भ्यालेला इसम कोकणातल्या देवाला एका रात्रीत भ्याला. मुकादमाने फोटो काढला नाही. काम झाल्याची नोंद आधीच होती, त्यामुळे खरं झालेलं काम कुठेच नोंदलेलं नाही.

मालनवहिनींनी वाफ्यातली वीतभर काळी माती खरवडून ढीग घातला. हा उचला, म्हणाल्या. मुकादम गाडीत चढता चढता म्हणाला, त्याची वेगळी तक्रार करावी लागेल.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं.

"दुसरो नारळ आणा," त्या म्हणाल्या.