पुढीलदार

“आडकला खंय तां?” टोपलीत बांगडे रचता रचता सुभद्राने लेकीला विचारलं.

“गणितात. काळ-काम-वेग,” लक्ष्मी म्हणाली. “गुरुजी सुरू करतत आणि अर्ध्यार म्हणतत, ह्यां पुढे बघू.”

“तू वर्गात बसतंस खंय?”

“मागे. भितीक टेकान.”

“मगे फुडचां तुका दिसतला कसां?”

प्रश्न बिनतोड होता. सातवीची फायनल पास झाली की ट्रेनिंग, ट्रेनिंग झालं की मास्तरीण, आणि मास्तरीण झाली की डोक्यावर टोपली नाही, असं सुभद्राने ठरवून टाकलं होतं. मिठबावात टोपलीखालून निघायचा दुसरा रस्ता १९५८ सालापर्यंत तरी कोणी बांधला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी पुढे बसली. पुढे वखारवाल्या भाई शेटनी शाळेला दिलेलं बाक होतं आणि शाळेने ते त्यांच्या मुलाला, हरिश्चंद्राला परत दिल्यासारखं होतं. लक्ष्मी बाकाशेजारी जमिनीवर बसली. बांबर्डेकर गुरुजींनी तिला प्रेमाने मागे पाठवलं. म्हणाले, उंच मुलांनी मागे बसायचं. वर्गात सगळ्यांत बुटकी तीच होती. त्या दिवशीही गणित अर्ध्यावर आलं आणि गुरुजी म्हणाले, “हे पुढे बघू.” सगळा वर्ग हिरमुसला. हरिश्चंद्राला मात्र पुढे काय आहे याची कसलीच उत्सुकता दिसली नाही.

“मगे ह्यां फुडे आसा तरी खंय?” सुभद्राला आता गणितापेक्षा याचंच कुतूहल लागून राहिलं.

उत्तर रविवारी सापडलं. बांबर्डेकरांच्या घरी सुभद्राची मासळी मागीलदारी उतरायची. पुढीलदार पाहुण्यांसाठी आणि शेटलोकांसाठी होतं. मागीलदार मासळी, लाकूडफाटा आणि ते आणणाऱ्या माणसांसाठी. गुरुजींच्या पत्नी आनंदीबाई ताट आणायला आत गेल्या, तेवढ्यात पुढून गुरुजींचा आवाज आला. “आठ माणसं एक विहीर सहा दिवसांत खणतात. आता पुढे बघा.”

सुभद्रा घराला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत गेली. पडवीत चटईवर हरिश्चंद्र आणि त्याच्यासारखीच चार पोरं बसली होती. समोर फळा होता आणि फळ्यावर गणित पुरं होत होतं.

“ह्यां काय गो, वयनी?” ती परत येऊन म्हणाली.

“शिकवणी. फी देतत त्यांची.” आनंदीबाई बांगड्याचा कल्ला उघडून बघत होत्या.

“मगे वर्गात तां सगळा होणा नाय?”

“वर्गातच सगळा शिकवल्यार हंय काय शिकवतले?” आनंदीबाई म्हणाल्या. “ह्यो नरम वाटता. दुसरो दी.”

पुढच्या रविवारी सुभद्रा पुढीलदारी आली. टोपली नव्हती. सोबत लक्ष्मी होती, वेणीला तेल लावून.

“सुभद्रा, मासळी मागीलदारी,” गुरुजी म्हणाले.

“मासळी हाडूक नाय, गुरुजी. चेडू हाडलंय.”

“अगं, पण ही शिकवणी…”

“वर्गात तुमी म्हणतास, पुढे बघू. म्हणान आमी फुडे इलांव.”

हरिश्चंद्र हसला. त्याला एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात समजावी असा तो पहिलाच प्रसंग होता. गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांना लाज वाटली. वाईट माणसाने तिला सरळ हाकलून दिलं असतं. गुरुजींनी फळा पुसला.

“आजचा तास संपला,” ते म्हणाले.

सोमवारपासून त्यांनी ‘पुढे बघू’ म्हणणं कायमचं सोडलं. आता गणित अर्ध्यावर आलं की ते म्हणत, “उरलेलं घरी बघा.”

“घरी?” सुभद्राने विचारलं.

“घरी म्हणाले.”

सुभद्राने हात धुतले, पदराला पुसले आणि उंबऱ्यात येऊन बसली. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

“हाड तां पुस्तक,” ती म्हणाली. “बगूया.”

लक्ष्मीने पुस्तक आईच्या बाजूने सुलटं ठेवलं, आणि समोर बसून स्वतः ते उलटं वाचायला लागली.