मालकीणबाईंनी हवा काढली तेव्हा

मित्रांनो, भंगाराच्या आवारात, गंजक्या पत्र्यांच्या ढिगाशेजारी उभी आहे ना, ती मी. डिझेल गाडी. जुनी म्हणा, खटारा म्हणू नका. खटारा म्हणणाऱ्या कित्येकांना मी चढावर मागे टाकले आहे.

मालकांनी मला घरी आणले तेव्हा माझा गडद निळा रंग आरशासारखा चमकत होता. मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "आवाज केवढा हिचा! गाडी आणलीत की पिठाची गिरणी?" पण शेजारणीने तेच म्हटले, तेव्हा बाईंनी तिला चहासुद्धा विचारला नाही. घरच्यांनी मला काहीही बोलावे, बाहेरच्याने बोलायचे नाही, असा त्या घरचा कायदा होता.

मी त्यांच्या लेकाला शाळेत नेले, तापाने फणफणला तेव्हा दवाखान्यात नेले, आणि नोकरी लागली तेव्हा त्याची गादी टपावर बांधून परगावी नेऊन सोडले. उतरताना त्याने माझ्या बॉनेटवर प्रेमाने थाप मारली. ती थाप मी कितीतरी वर्षे पुरवून पुरवून खाल्ली.

आम्हा जुन्या डिझेल गाड्यांचा एक नखरा असतो. फिल्टर बदलला की डिझेलच्या नळीत हवा शिरते, आणि ती काढल्याशिवाय इंजिन हूं की चूं करत नाही. आमच्याकडे हे काम दोघांत वाटलेले होते. मालक उघड्या बॉनेटमागे, बाई आत चावी धरून. मध्ये बॉनेट आडवे, त्यामुळे बाईंना काही दिसायचे नाही, नुसते आवाज यायचे. मग पलीकडून मालक म्हणायचे, "हं, मार." बाई चावी फिरवायच्या. तिकडे काय चालते, हे त्यांनी कधी विचारले नाही आणि मालकांनी कधी दाखवले नाही.

मालक गेले आणि मी अंगणात पडून राहिले. टायर बसले, वायपरखाली पाने कुजली. बाई येऊन काच पुसायच्या आणि म्हणायच्या, "बस, तूही बस हातपाय गाळून."

मग लेक त्यांना कायमचे आपल्याकडे न्यायला आला. घर रिकामे करायचे होते. मला भंगारात द्यायचे ठरवूनच तो आला होता.

"फिल्टर बदल," बाई म्हणाल्या. "मग बोलेल ती. हिला मी इथे टाकून येणार नाही."

"बरं आई. चालू झाली तर नेऊ बरोबर," तो हसत म्हणाला. चालू होणार नाही, असे धरूनच दिलेला तो शब्द. बाईंनी मात्र तो पदराच्या गाठीला बांधला.

लेकाने टायर फुगवले, दुसरी बॅटरी जोडली, नवा फिल्टर डिझेल न भरता कोरडाच बसवला आणि चावी मारली. मी नुसती खोकले. पुन्हा मारली, पुन्हा तेच.

"बघितलंस? मेली आहे ही."

"मेलेलं माणूस मी मांडीवर घेतलंय. ही मेलेली नाही. सरक जरा."

बाई पहिल्यांदाच बॉनेटमागे आल्या. समोरच्या नळ्यांकडे बघून गोंधळल्या. मग त्यांनी डोळे मिटले.

"आधी कच्‌कच्‌ व्हायचं. मग फुस्स. ते फुस्स कुठून होतं, शोध."

लेकाला फिल्टरवरचा हातपंप सापडला, शेजारी एक स्क्रूही. त्याने तो सैल केला. बाई दोन्ही अंगठ्यांनी पंप दाबू लागल्या. फेस आला, बुडबुडे आले, डिझेल त्यांच्या मनगटांवरून ओघळले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आता आवाज बदलला. आवळ ते." पंप दगडासारखा घट्ट झाला. लेक आत जाऊन बसला. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या,

"हं, मार."

अगदी तोच सूर. लेकाचा हात चावीवर क्षणभर थबकला. मग त्याने ती फिरवली, आणि मी धूर ओकत गरजले.

"मागे माझी ट्रंक मावेल," बाई हात पुसत म्हणाल्या. "मी पुढे बसते."

लेक खाली बघत राहिला. "आई, तिकडे उभी करायला जागा नाही गं. मी आपलं म्हटलं होतं."

"आपलं म्हटलं होतंस."

"ओढून तरी न्यावी लागणार नाही आता. मीच सोडून येतो."

बाईंनी जाऊन फाटक उघडून दिले.

खरे सांगते, पहिल्याच वळणावर बंद पडायचे माझ्या मनात आले होते. पण बाई फाटकात कान देऊन उभ्या होत्या. मी अडखळले असते तर आपलेच काम कच्चे राहिले, असे त्यांना वाटले असते. म्हणून मी एक ठोकाही चुकू दिला नाही. इथे पोहोचल्यावर लेकाने मला बंद केले, पण बराच वेळ तो उतरला नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेलपाणी करा, असे सांगण्यात आता अर्थ नाही. पण तुमच्या घरी एखादे काम कोणी वर्षानुवर्षे एकट्याने करत असेल, तर ते माणूस आहे तोवर त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. आणि आईला शब्द देताना, तो पाळायची वेळ येणारच नाही असे धरून देऊ नका. ती तो खरा मानून कामाला लागते.