हिने मागवलेला हौद

दारात ट्रक थांबला आणि ट्रकवाल्याने एक खोकं उतरवलं. एखादी मध्यम आकाराची म्हैस आडवी बांधून पाठवली असती, तर एवढंच खोकं लागलं असतं.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"स्विमिंग पूल," तो म्हणाला आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

मला पोहता येत नाही. हिला पोहता येत नाही. चिरंजीवांना येतं, पण ते गेले कित्येक आठवडे खोलीतूनच बाहेर आले नव्हते.

"पत्ता चुकलाय तुमचा."

"चुकला नाही," माझ्या मागून ही म्हणाली. "मागच्या अंगणात ठेवा. कुंड्या सांभाळून हं."

मी हादरलो. आजवर हिने मला न विचारता घेतलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे प्रेशर कुकर. त्यानंतर एकदम पूल म्हणजे मधल्या बऱ्याच पायऱ्या गाळल्यासारखं झालं.

पण हादरण्याचं खरं कारण वेगळं होतं. चिरंजीव इंजिनिअर. एका वसाहतीसाठी पाण्याची टाकी त्यांच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि पहिल्यांदाच पाणी भरत असताना ती एका कुशीला फुटली. कुणी दगावलं नाही. रखवालदार खुर्चीसकट वाहत गेला आणि त्याचा पाय मोडला. चौकशी झाली, माल खराब निघाला, सगळ्यांनी चिरंजीवांना निर्दोष ठरवलं. एकट्या त्यांनी नाही. नोकरी सोडून ते आमच्याकडे आले आणि मागच्या खोलीत जे शिरले ते शिरलेच. ही दाराशी ताट ठेवायची आणि रिकामं उचलायची. मग ताट अर्धं भरलेलं परत येऊ लागलं. दारावर टकटक केली की आतून निदान "हं" यायचं. अलीकडे तेही येईनासं झालं होतं. रात्री ही झोपायची नाही आणि मी झोपल्याचं सोंग करायचो.

अशा मुलाच्या खिडकीखाली पाण्याचा हौद! भाजलेल्या माणसाला शेगडी भेट द्यावी, तसला प्रकार.

"अगं, तुला काही..."

"हळू बोला," ही म्हणाली. "आणि उभारायचा तुम्ही."

"मी?"

"कामगार नकोत. घरच्या घरी करायचं."

माझी सगळी हयात दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारण्यात गेली. माझ्या सरकारी खात्यात त्याचाच पगार मिळायचा. स्वतः काम करून शेरे ओढवून घ्यायची सवय मला नव्हती. घरात मी ठोकलेला एकच खिळा आहे आणि त्यावर काही टांगायचं नाही असा हिचा हुकूम आहे.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन उभा राहिलो. खोक्यातल्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर एक हसरा माणूस होता आणि शेवटच्या पानावर तोच माणूस भरलेल्या हौदाशेजारी तितकाच हसत होता. मधल्या पानांत त्याचं काय झालं ते मला अजून समजलेलं नाही. जमीन सपाट हवी, एवढं मात्र कळलं. आमचं अंगण कुंपणाकडे उतरतं. म्हणजे खालच्या बाजूला माती टाकायची आणि ती वर आणायची. साधा न्याय आहे. ज्याच्याकडे कमी, त्याला द्यावं. मी दुपारपर्यंत माती वाहिली, वर उड्या मारून ती दाबली आणि एक डोळा मिटून पाहिलं. जमीन मला फारच सपाट वाटली.

कुंपणापलीकडून शेजारच्या दंतवैद्यांचं डोकं वर आलं. आम्ही त्यांना दातवाले म्हणतो, तोंडावरसुद्धा.

"वा साहेब, भरणं चाललंय! पण आत कीड असेल तर वरचं टिकत नाही हां."

"तुम्ही तुमचे दात बघा."

तेवढ्यात मागच्या खोलीची खिडकी करकरली. पडदा बोटभर सरकला.

"बाबा, भराव घालू नका." आवाज असा, जसा बरेच दिवस न उघडलेला नळ. "भराव पाण्याच्या वजनाने बसतो. उंच बाजू खणा आणि खाली आणा."

खिडकी बंद झाली.

मी फावडं टाकून स्वयंपाकघराकडे धावलो. पायाला लागलेला अर्धा भराव घरात आला.

"अगं, बोलला! बोलला तो!"

"काय बोलला?"

"मी चुकलो म्हणाला!"

ही बातमी एवढ्या आनंदाने मी जन्मात कुणाला दिली नव्हती. ही खुर्चीवर बसली. कोरडेच हात पदराला पुसायच्या ऐवजी टेबलालाच पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला सांगितलं."

"म्हणजे?"

"कामगारांनी नीट केलं असतं हो. मग तो कशाला तोंड उघडतोय? लहान असल्यापासून वाकडं काम त्याला बघवत नाही. आणि या घरात हमखास चुकणारं माणूस एकच."

मी थक्क झालो. हा अपमान होता की सन्मान, हे ठरवायला मला वेळ लागला. अजून ठरलेलं नाही.

"मला आधी सांगायचंस की."

"सांगितलं असतं तर मुद्दाम चुकला असतात. तुम्हाला नाटक जमत नाही."

हे खरं निघालं. उंच बाजू खणून झाल्यावर हौदाच्या भिंतीसाठी पन्हळीचे तुकडे जोडून जमिनीवर गोल करायचा होता. मी ठरवून चुकायला निघालो. मध्ये खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली, आणि दोरी मनाला येईल तिथे ढिली सोडत, मनाला येईल तिथे ताणत फिरलो. झालं असं की गोल अगदी कंपासाने काढल्यासारखा आला. दातवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. खिडकी दिवसभर मुकी राहिली. ताट अर्धं परत आलं.

"काय करून बसलात हे?" ही दात ओठ खात म्हणाली. "बरोबर आलंय!"

"अगं, मी चुकवायला..."

"मनापासून करा हो. आपोआप चुकेल."

मग पत्र्याची पाळी आली. हौदाची भिंत म्हणजे एक लांबलचक पत्रा, गुंडाळी करून आलेला. तो उभा धरून उलगडत जायचा, पन्हळीत बसवायचा आणि शेवटी दोन्ही टोकं बोल्टांनी जोडायची. टोकं जोडेपर्यंत धरलेल्या माणसाने सोडायचं नाही. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ही आणि मध्ये दातवाले, असे आम्ही उभे राहिलो. तिघांचं वय एकत्र केलं तर एखाद्या किल्ल्याएवढं भरेल.

वारा नव्हता तोवर ठीक होतं. मग वारा आला. पत्र्याने पोट फुगवलं. नेमका त्याच वेळी दातवाल्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी आधी एक हात सोडला, मग दुसरा.

"हां, बोला. दाढ ना? अजिबात दुखणार नाही!" ते फोनवर म्हणाले आणि पत्रा मधोमध वाकून हिच्या अंगावर झुकला.

मला माझं टोक सोडता येईना. सोडलं असतं तर तेही तिच्याच दिशेने गेलं असतं.

"अहो!" ही ओरडली. "अहो, धरा कुणीतरी!"

मागचं दार भिंतीवर आपटलं. अनवाणी, दाढी वाढलेला, डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून तोंड वाकडं केलेला एक माणूस धावत आला आणि त्याने पत्र्याला खांदा दिला.

"दातवाले काका, फोन ठेवा! आई, टोक घट्ट धर, मी आहे. बाबा, तुम्ही... तुम्ही काहीच करू नका."

मी काहीच केलं नाही. ते मात्र मी उत्तम केलं. त्याने बोल्ट बसवले. सदऱ्यातून त्याच्या पाठीची हाडं दिसत होती आणि मी दुसरीकडे बघत होतो.

"खालची पातळी कशाने तपासलीत?" बोल्ट आवळून झाल्यावर त्याने विचारलं.

"डोळ्याने."

"कुठल्या?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी डावा दाखवला. त्याने डोक्याला हात लावला. आणि मग, देवाशपथ सांगतो, त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

त्याने सगळं परत उतरवायला लावलं. पारदर्शक नळीत पाणी भरून तो दोन टोकांची उंची ताडून बघायचा, इथे खरवड, तिथे दाब, असं दिवसच्या दिवस चालायचं. ही ताट अंगणात आणून मातीच्या ढिगावर ठेवायची. कडेवरचं मूल नुकतंच झोपलं असलं की बाई जशी चालते, तशी चालत परत जायची. ताट रिकामं व्हायचं.

भिंत पुन्हा उभी राहिली. आतून निळं अस्तर सोडलं, वरून काठपट्टी बसवली. आता फक्त पाणी राहिलं होतं.

बागेतली नळी त्याने हौदाच्या काठावरून आत सोडली, नळापाशी गेला, नळावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग त्याने हात काढून घेतला.

"नको," तो म्हणाला. "परत पाठवू हे."

"अरे, उघड की," कुंपणावरून दातवाले म्हणाले. "एवढं भितोस काय..."

"काका, पाण्याला वजन असतं!" तो एकदम ओरडला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ते थांबत नाही. एक जोड सुटला की सगळं जातं. तुम्ही बघितलंय का कधी? मी बघितलंय."

तो घराकडे वळला. मला कळलं, आता हा जे दार लावेल, ते पुन्हा हौद मागवून उघडणारं नव्हे.

"अहो," ही म्हणाली, "जरा खांदा द्या."

"कशाला?"

"द्या म्हटलं तर द्या."

मी खांदा दिला. हिने स्वयंपाकघरातलं स्टूल हौदाला टेकवलं, एक बादली आत टाकली, माझ्या खांद्यावर भार देऊन काठावर बसली आणि कपड्यांसकट आत उतरली. साठी उलटलेली, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी बाई. मी इतका सर्द झालो की खांदा तसाच वर राहिला.

आतून बादली उलटी ठेवल्याचा आवाज आला.

"अस्तराला सुरकुत्या पडल्यात," ही आतून म्हणाली. "पुस्तकात लिहिलंय, पहिलं पाणी सोडताना कुणीतरी आत राहून पायाने त्या काढायच्या. सोड पाणी."

"आई, बाहेर ये." तो दारातून परत फिरला होता.

"सुरकुत्या निघाल्या की येते."

"आई, बाहेर ये म्हणतो ना!"

"मग पाणी सोड ना."

"बाबा, नळाला हात लावायचा नाही हां!"

"मी काहीच करत नाहीये," मी म्हणालो.

मग हौदातून आवाज आला, "अहो, चहा टाका तेवढा. कोरडंच बसायचं असेल तर चहा तरी घेते."

मी चहा केला. कप काठावरून आत दिला. हात वर आला आणि कप घेऊन खाली गेला. तो हौदाभोवती फिरत होता. दोन्ही हात डोक्यावर.

"तुला कळत कसं नाही? मी बांधलेलं आहे हे!"

"म्हणून तर बसलेय," आतून उत्तर आलं. "ह्यांनी बांधलं असतं तर जवळसुद्धा फिरकले नसते."

तो फिरता फिरता थांबला. एकेका बोल्टाला हात लावत एक फेरी पूर्ण केली. पान्याने एक बोल्ट आवळला. तो आधीच आवळलेला होता. मग नळापाशी गेला आणि इतका थोडा उघडला की पाणी येतंय का, हे मला विचारावं लागलं.

"आलं," ही म्हणाली. "गार आहे गं बाई."

तो पळत पत्र्याशी आला. तळहात लावला, कान लावला. पलीकडे जाऊन पुन्हा कान लावला. आत ही पायाने अस्तर सरकवत होती, चुबुक चुबुक आवाज येत होता. पाणी घोट्याला आलं, त्याने नळ बंद केला.

"का रे?"

"बघतोय."

पुन्हा सोडलं. गुडघ्याला आलं, पुन्हा बंद. पुन्हा कान. कमरेला आलं तोवर ऊन कुंपणापलीकडे गेलं होतं. ही उभी होती, काठाला धरून, ओठ निळे पडायला लागले होते, पण बाहेर काढा असं एका शब्दाने म्हणाली नाही.

त्याने नळ बंद करून काठापासून पाण्यापर्यंत बोटांनी अंतर मोजलं. या बाजूला, त्या बाजूला, मग चारी अंगांना. एका ठिकाणी तो थांबला.

"इथे अर्धं बोट कमी आहे."

एवढ्याशा फरकासाठी त्याने मागे सगळं उतरवायला लावलं होतं. हीही आतून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

तो त्या पाण्याच्या रेघेकडे बघत राहिला. पाणी हलत होतं, मग हलायचं थांबलं.

"इतकं चालतं," तो म्हणाला.

ही रडायला लागली. तोंडावर पाणी मारून घेतलं, पण कळायचं ते कळलं.

"काढा आता मला बाहेर," ती म्हणाली. "पाय राहिले नाहीत माझे."

मी शिडी शोधायला खोक्यात डोकावलो. शिडी होती. बावीस तुकड्यांत. मी एक तुकडा दुसऱ्याला लावून बघितला.

"बाबा, ठेवा ते!" तो ओरडला आणि स्टुलावर चढून काठावरून सरळ आत उतरला. उतरला म्हणजे पडलाच. भली मोठी लाट उठली, पत्र्यावर जाऊन धडकली आणि परत आली. तो आईला धरून जागच्या जागी गोठला. आम्ही सगळेच गोठलो.

काही झालं नाही. पत्रा तसाच उभा होता.

"अरे हो," कुंपणावरून दातवाले म्हणाले, "पण आता दोघं बाहेर येणार कसे?"

तो आईकडे बघायला लागला. ती त्याच्या ओल्या दाढीवरून हात फिरवत होती.

"कसली घाई आहे?" ती म्हणाली.