रेषेच्या अलीकडे अठ्ठावीस मिनिटे

"अरे, चालव की! झोपलास का काय आत?"

हा आवाज गिस्लाँ कोर्व्हेलने पन्नास इंजिनांच्या गोंगाटातही ओळखला असता. कुंपणापलीकडे त्याचा बाप उभा होता. वीस वर्षांत म्हातारा एकदाही शर्यत बघायला आला नव्हता. आणि आला तो नेमका आज, नेमका ह्याच कुंपणाशी, जिथे गिस्लाँची निळी गाडी शेवटच्या रेषेच्या दोनशे पावलं अलीकडे रस्त्याच्या कडेला गपगार उभी होती.

"बाबा, तुम्ही इथे कुठे?"

"सोलांजने आणलं ओढून. म्हणे, तुमचा पोरगा अख्ख्या जगाला दिसतो, तुम्हालाच तेवढा दिसत नाही. म्हटलं चला, बघू तरी. तर काय बघतोय? सगळे पळतायत आणि आमचा हिरो उभा!"

सोलांज ही गावातली बेकरीवाली, म्हाताऱ्याची शेजारीण. ती मागून म्हणाली, "आरिस्तीद, त्याला त्रास देऊ नका हो. काहीतरी कारण असेल."

"कारण काय असायचंय? मोडली असेल. ह्याच्या हातात गेलेली कुठली वस्तू टिकलीय आजवर?"

गिस्लाँने हेल्मेटच्या आत डोळे मिटले. घड्याळात तीन बत्तीस झाले होते. चार वाजायला अठ्ठावीस मिनिटं. देवा, अठ्ठावीस मिनिटं हे ऐकत बसायचं!

गाडी मोडली होती हे खरंच होतं. हेड गॅस्केट गेलं होतं, पाणी सगळं वाफ होऊन उडालं होतं, आणि इंजिनात आता फार तर दोन-अडीचशे मीटरचा जीव उरला होता. ल माँच्या ह्या चोवीस तासांच्या शर्यतीची एक फेरी साडेतेरा किलोमीटरची. त्यातून इथला कायदा असा, की चोवीस तास संपल्यावर, म्हणजे रविवारी दुपारी चार वाजून झेंडा पडल्यावर, गाडीने स्वतःच्या ताकदीवर रेषा ओलांडली पाहिजे. नाही ओलांडली तर तुम्ही आदल्या चोवीस तासांत कितीही पुढे असा, निकालात तुमचं नाव नाही. चारच्या आधी ओलांडली तर आणखी एक अख्खी फेरी मारा. ती ह्या गाडीच्याने होणं नव्हतं. म्हणून रेषेच्या अलीकडे येऊन थांबायचं आणि चारची वाट बघायची. लहान गाड्यांच्या गटात ते सात फेऱ्यांनी पुढे होते. मागच्याने जिवाचा आटापिटा केला तरी अठ्ठावीस मिनिटांत त्याच्या सहाच फेऱ्या झाल्या असत्या. गट जिंकल्यात जमा होता. फक्त थांबायचं होतं.

आणि थांबणं तेवढंच गिस्लाँला जन्मात जमलं नव्हतं.

"भूक लागली असेल रे तुला," म्हातारा म्हणाला. "हा घे पाव. सोलांजने डुकराच्या मांसाचं रिएत लावून आणलाय, डुक्कर आपल्याच गावचं."

"नको बाबा."

"अरे घे! तोंड बघ, वाळून काडी झालंय."

"चालत नाही, बाबा! बाहेरच्या माणसाने काही दिलेलं चालत नाही. पाव नाही, पाणी नाही, काही नाही. गाडीला बोट जरी लावलं तरी आम्ही बाद. मला खाली उतरून लांब जाताही येत नाही."

म्हाताऱ्याने पाव परत फडक्यात गुंडाळला. "तुरुंगातसुद्धा पाव देतात," तो सोलांजला म्हणाला, गिस्लाँला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "आणि ह्यासाठी ह्याने माझं दुकान सोडलं."

झालं. आलं दुकान. पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं ते दुकान वीस वर्षांपूर्वी सोडलं होतं, पण म्हाताऱ्याच्या तोंडून ते रोज नव्याने सुटायचं. गिस्लाँला वाटलं, हेल्मेट काढून कुंपणावर फेकून मारावं.

एकविसाव्या वर्षी तो घरातून निघाला तेव्हा त्याला एकट्याच्या बसायच्या, उघड्या चाकांच्या वेगवान गाड्या चालवायच्या होत्या. चालवल्याही. सरावात सगळ्यांत पुढे आणि शर्यतीत पहिल्याच वळणाला खड्ड्यात. तीन मोसमांत त्याने एवढ्या गाड्या मोडल्या की मेकॅनिक लोकांनी त्याचं नाव 'भंगारवाला' ठेवलं. मालकाने एक दिवस सरळ सांगितलं, "कोर्व्हेल, तुझ्याइतका वेगवान कोणी नाही. पण शर्यत दोन तासांची असते आणि तू दोन मिनिटांचा आहेस." तेव्हा गिस्लाँ घरी आला. तीन महिने कोणाशी बोलला नाही. बाप रोज सकाळी दुकानाची किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवायचा, आणि तो ती रोज संध्याकाळी परत खुंटीला लावायचा.

मग भेटला ॲन्सेल्म रूदिए. शेजारच्या गावात कोंबड्यांच्या खुराड्यामागच्या शेडमध्ये हा गडी स्वतःच्या हाताने शर्यतीच्या गाड्या बांधायचा, स्वतःच चालवायचा, आणि जमेल त्या वर्षी ल माँला यायचा. त्याने गिस्लाँला शेजारी बसवलं आणि शिकवलं. "गिअर टाकताना मनात 'एक' म्हण. म्हणून झालं की मग टाक. गिअरबॉक्स म्हणजे काय तुझ्या सासूची मान आहे का पिरगाळायला?" चिडत, शिव्या देत, दात खात गिस्लाँ शिकला. गाडीत बसला की धीराचा, बाहेर आला की पुन्हा तोच. सोलांजच्या बेकरीत तीन माणसांची रांग दिसली तर पाव न घेता परत जायचा.

पण शिकला तो ॲन्सेल्मकडे आणि जिंकला दुसऱ्यांसाठी. मोठ्या संघांनी बोलावलं, तो गेला. दोनदा ह्याच रस्त्यावर गट जिंकला. आणि ॲन्सेल्म? अकरा वेळा ल माँला आला, अकराही वेळा गाडी वाटेत मेली. चौकड्यांचा झेंडा त्याने दुसऱ्यांवर पडताना बघितला. औंदा बावन्न वर्षांचा झाला, ही शेवटची खेप, शेड विकायला काढलेली. हे कळलं तेव्हा गिस्लाँ स्वतः जाऊन म्हणाला, "ह्या वेळी मी तुझ्याबरोबर चालवतो." म्हणून आज तो ह्या निळ्या गाडीत होता. समोर, गाड्या दुरुस्त करायच्या पिटच्या कठड्यावर ॲन्सेल्म हातात पाटी धरून उभा होता. पाटीवर एकच शब्द: थांब.

"तो कोण पाटी घेऊन?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ॲन्सेल्म. गाडी त्याची आहे."

"तोच का तो कोंबड्यांवाला? तो सांगतो थांब आणि तू थांबतोस? मी वीस वर्षं सांगतोय घरी थांब, तेव्हा कान फुटले होते का?"

सोलांजला हसू आवरेना. आजूबाजूचे चार लोकही हसले. गिस्लाँच्या मानेवरून घाम ओघळत होता, आत भट्टी झाली होती, आणि हा माणूस विनोद करत होता!

"बाबा, हात जोडतो. वीस मिनिटं गप्प बसा."

"हा लहानपणी चर्चमध्ये," म्हातारा आता त्या चार लोकांना सांगू लागला, "पाद्रीबाबा आमेन म्हणायच्या आधी दाराबाहेर असायचा. माझी खात्री आहे, हा चारच्या आधी सुटणार."

तो दहा मिनिटं तेच सांगत राहिला. मग पैजा लागल्या. तीन पन्नासला लोक ओरडायला लागले, "निघ, निघ!" पंचावन्नला गटातला मागचा गाडीवाला सहाव्या फेरीला लागत झपकन शेजारून गेला आणि गिस्लाँचा हात आपसूक स्टार्टरकडे गेला. त्याने तो हात मांडीखाली दाबून ठेवला. शब्दशः त्यावर बसला. ॲन्सेल्मने पाटी आणखी उंच केली.

चार वाजले. सगळ्यांत पुढची मोठी गाडी गर्जत आली, झेंडा पडला, आणि दरवर्षीचं तेच झालं. कुंपणावरून माणसं रस्त्यावर सांडली. ल माँच्या लोकांना तेवढं कळत नाही. शर्यत अजून चालू असते, गाड्या यायच्या असतात, पण झेंडा पडला की ह्यांना मिठ्या मारायच्या असतात.

गिस्लाँने स्टार्टर दाबला. इंजिन खोकलं, पेटलं. एकशे नव्वद पावलं नीट गेलं. मग आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि ते कायमचं विझलं. रेषा तिथे होती, समोर. शेवटची काही पावलं, आणि तीही किंचित चढाची.

उपाय एकच होता. त्याने उतरून प्लग उपटले, म्हणजे आतला दाब जाऊन स्टार्टरला इंजिन फिरवता येईल. आता पहिल्या गिअरमध्ये टाकून नुसत्या स्टार्टरवर, बॅटरीच्या जोरावर, गाडी रेटायची; बॅटरी गाडीचीच, म्हणून नियमाला ते चालत होतं. त्याने बटण दाबून धरलं. गाडी हबकली, वीतभर सरकली. पुन्हा हबकली, पुन्हा सरकली.

"हात लावू नका!" तो खिडकीतून बोंबलला. "कोणी हात लावू नका! बाजूला व्हा!"

हे मात्र लोकांनी ऐकलं. सोलांज आपला भला थोरला देह घेऊन पुढे झाली आणि दोन्ही हात पसरून ओरडली, "मागे व्हा रे! शिवू नका!" लोक मागे सरले, दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे राहिले आणि सगळे मिळून स्टार्टरच्या प्रत्येक हबक्याला "हं!" म्हणू लागले. हं! वीतभर. हं! वीतभर. बॅटरी मरत चालली होती, पण पुरली असती. गिस्लाँला ते कळत होतं. पाच हात राहिले. चार.

आणि मग गाडी हलकी झाली.

त्याने आरशात बघितलं. मागे त्याचा बाप होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा आरिस्तीद कोर्व्हेल, रविवारचा कोट घातलेला, डोकं खाली घालून, दोन्ही हात गाडीला लावून जीव खाऊन ढकलत होता.

गाडी रेषेवरून पलीकडे गेली. लोकांनी टोप्या उडवल्या.

गिस्लाँ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. त्याला रडायचं होतं की कोणाचा तरी गळा धरायचा होता, हे त्याचं त्यालाच कळेना. दार उघडून तो बाहेर आला तेव्हा दंडावर पांढरी पट्टी बांधलेला एक निरीक्षक गर्दीतून वाट काढत पोचला होता. चष्मा, हातात कागदाची पाटी, शाळामास्तरासारखा चेहरा.

"मस्यू कोर्व्हेल, गर्दीमुळे मला मागची बाजू दिसली नाही," तो हळूच म्हणाला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. "गाडी आली ती स्वतःच्या ताकदीवर आली ना? तुम्ही सांगाल तसं लिहितो."

"ताकदीवर कसली!" म्हातारा धापा टाकत मधे घुसला. चेहरा लालबुंद, हात काळे. "मी ढकलली! मी, आरिस्तीद कोर्व्हेल, ह्याचा बाप! मी नसतो तर तिथेच बसला असता हा! विचारा ह्याला!"

सोलांजने तोंडावर हात ठेवला. निरीक्षकाने म्हाताऱ्याकडे पाहिलंच नाही, गिस्लाँकडे पाहिलं.

"गर्दीत माणसं काहीही बोलतात," निरीक्षक म्हणाला. "मी तुम्हाला विचारतोय."

सोपं होतं. 'म्हातारा आहे, उत्साहात बडबडतोय' एवढं म्हटलं की झालं. नियम म्हणून बघितलं तर हात लागला होता. पण त्या हाताने काय केलं? चार हात अंतर, जास्तीत जास्त. बॅटरी पुरत होती. चोवीस तास चालवली ती त्यांनी दोघांनी, आणि बारा खेपा खपला तो ॲन्सेल्म. पलीकडून ॲन्सेल्म पाटी टाकून धावत येताना दिसत होता, बावन्न वर्षांचा माणूस, लहान पोरासारखा.

म्हातारा मुलाकडे बघत होता. सोलांजबरोबर आलेले गावातले सात-आठ जण त्याच्या मागे उभे होते. "सांग की रे!" तो म्हणाला. "सांग ना, कोणी ढकलली?"

वीस वर्षांत बापाने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. आणि मुहूर्त निवडला तो हा! काय करावं ह्या माणसाचं?

"हो," गिस्लाँ म्हणाला. "ह्यांनी ढकलली. माझ्या वडिलांनी."

निरीक्षकाने कागदावरच्या त्यांच्या नंबरावर एक आडवी रेघ ओढली, गिस्लाँची सही घेतली आणि गेला.

ॲन्सेल्म पोचला तेव्हा ती सही वाळलीसुद्धा नव्हती. त्याला सांगावं लागलं नाही. तो गाडीच्या मागे गेला, धुळीत उमटलेले दोन पंजे बघितले, आणि परत येऊन गिस्लाँच्या समोर उभा राहिला.

"'नाही' म्हणायचं होतंस," तो म्हणाला. "एक शब्द. बाकी काही नाही मागितलं असतं मी तुझ्याकडे."

"माहितीये."

"तुझे दोन आहेत गिस्लाँ. माझा हा एक होता."

"माहितीये मला, ॲन्सेल्म."

ॲन्सेल्मने म्हाताऱ्याकडे पाहून टोपीला हात लावला, जेमतेम, आणि गाडी न्यायला माणसं बोलवायला गेला. त्याने वळून बघितलं नाही. त्यानंतर तो गिस्लाँशी नीट बोलला तो चार वर्षांनी, कोणाच्या तरी मयताला.

"रागीट दिसतोय तुझा कोंबड्यांवाला," म्हातारा म्हणाला. "आभार मानायची रीत नाही का त्यांच्याकडे?"

"दमलाय तो, बाबा. चला, घरी सोडतो तुम्हाला."

तेवढ्यात भोंग्यावर निकाल सुरू झाला. एकेका गटाचं नाव, मग गाडीचा नंबर, मग चालकांची नावं. म्हाताऱ्याने मुलाचा दंड धरला.

"घाई कसली? थांब. आपलं नाव येईल आता."

सोलांज काहीतरी बोलणार होती. गिस्लाँने मान हलवून तिला थांबवलं. म्हाताऱ्याने टोपी काढून काळ्या हातात धरली आणि भोंग्याकडे तोंड करून ताठ उभा राहिला. गिस्लाँ त्याच्या शेजारी उभा राहिला. लहान गाड्यांचा गट झाला, त्याच्या वरचा झाला, मग मोठ्या गाड्या झाल्या. नावं संपली आणि भोंग्यावर बँड वाजायला लागला.

"विसरले वाटतं," म्हातारा म्हणाला. "पुन्हा वाचतील."

"वाचतील," गिस्लाँ म्हणाला, आणि ते दोघे तिथेच उभे राहिले.