गिरधरच्या पाठीतला दोर

मित्रांनो, माझं दर्शन तुम्हाला कधी झालेलं नाही आणि होऊही नये. मी एक जुना मज्जारज्जू आहे. रावेरकडच्या गिरधर नावाच्या केळीवाल्या शेतकऱ्याच्या पाठीत राहतो. जाडी करंगळीएवढी, लांबी एक हात. मेंदूच्या तळापासून निघतो आणि कमरेच्या पहिल्या मणक्यांपाशीच संपतो. पुढे घोड्याच्या शेपटीसारख्या नुसत्या नसा लोंबतात. भोवती तीन आवरणं, मध्ये पाणी, बाहेर हाडांचा कोट. एवढा बंदोबस्त आमच्या तालुक्यात फक्त मतदान यंत्रांना मिळतो.

माझ्यातून नसांच्या एकतीस जोड्या निघतात. प्रत्येक नसेला दोन मुळं. मागच्या मुळातून खबर येते, काटा, चटका, गारवा. पुढच्या मुळातून हुकूम जातो, चाल, उचल, पळ. मी आपला ने-आण करणारा. अधिकार म्हणाल तर एकच. चटका बसला की मेंदूला न विचारता पाय मागे ओढायचा. मेंदूला नंतर कळतं. मग तो 'मीच ओढला' म्हणून मिरवतो.

आयुष्यभर गिरधरने केळीचे घड वाहिले आणि मी त्याचे पाय चालवले. कौतुक त्याच्या खांद्यांचं झालं, छातीचं झालं. माझं नाव शाळेच्या पुस्तकात एका आकृतीखाली, तेही परीक्षेपुरतं.

गेल्या थंडीत मळ्यात ट्रक भरणं चाललं होतं. घड रचायची अक्कल फक्त आपल्यालाच, असं वाटून गिरधर स्वतः वर चढला. ओल्या पानांवरून पाय घसरला आणि तो बांधावर पाठीवर आदळला. शेवटच्या बरगडीच्या जरा वर एक मणका मोडला. मित्रांनो, नीट ऐका. तेव्हा मी मुका मार खाऊन सुजलो होतो, पण शाबूत होतो. त्याच्या पायांचे अंगठे हलत होते. मला एकच हवं होतं, कुणी हात लावू नये.

"उठवा रे! बसवा त्याले! पाणी पाजा!" हमाल सुपडू ओरडला.

आमच्याकडे पडलेला माणूस पडलेला बघवत नाही. एका काखेत मुलगा नवीनने हात घातला, दुसऱ्या काखेत सुपडूने. मोडलेलं हाड माझ्यात घुसलं. होती नव्हती ती सगळी आग मी वर पाठवली. गिरधर किंचाळला.

"पाह्य, आवाज कसा खणखणीत हाये," सुपडू म्हणाला. "काही न्हाई झालं."

मग मोटरसायकल. पुढे नवीन, मागे सुपडू, मध्ये घट्ट दाबलेला गिरधर. प्रत्येक खड्ड्याला हाड मला चावत होतं. अर्ध्या रस्त्यात पायांची खबर वर जाणंच थांबलं. पायांतली आग विझली.

"आता बरं वाटून राह्यलं," गिरधर म्हणाला.

मी आत आकांत करत होतो. मला तोंड नाही.

घरी निदान झालं, उसण भरली. उसणीला पायाळू माणसाची लाथ हवी. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याच्या पायाला गुण असतो म्हणे. शेजारच्या म्हाताऱ्या सुनंदाबाई पायाळू. त्या पदर खोचून आल्या. गिरधरला ओट्यावर पालथा घातला.

"दम धर रे गिरधर. एकच देते. तुह्या बापालेबी दिली होती."

एक लाथ, आणि माझे उरलेसुरले धागेही गेले असते.

तेवढ्यात सून ज्योत्स्ना शेकायला तापवलेली वीट घेऊन आली. फडकं सरकलं आणि वीट तळव्याला लागली. खबर माझ्यापर्यंत आली. वर जायची वाट बंद. मी जीव एकवटून पाय ओढला.

"हलला! पाय हलला!" नवीन नाचायचाच बाकी होता.

ज्योत्स्ना तळव्यावरचा लाल चट्टा बघत होती. "आबा, चटका न्हाई बसला?"

"कुठी?" गिरधर म्हणाला. "ट्रक गेला का?"

"अक्का, थांबा!" ज्योत्स्ना सुनंदाबाईंवर ओरडली. "यायले पायाचं काहीच कळून न्हाई राह्यलं!"

सुनंदाबाईंचा पाय हवेतच राहिला. "माह्या लाथेवर अर्धं गाव उभं हाये," त्या पुटपुटल्या. पण पाय खाली घेतला.

मग खोलीचं दार काढून त्यावर निजवून गिरधरला जळगावला नेलं. हाड स्क्रू लावून जुळवलं. हाड जुळतं, मित्रांनो. मी जुळत नाही.

गाव सांगतं, लाथ टळली म्हणून गिरधर वाचला. सुपडू भेटायला येतो, तेव्हा खाटेशी बसून म्हणतो, "बरं झालं, आपुन लगेच उचललं." नवीन त्याच्यापुढे चहा ठेवतो. मोटरसायकल अंगणात धूळ खात उभी असते. नवीन एसटीने जातो.

परवा ज्योत्स्ना पाय पुसत होती आणि अंगठा उडाला.

"आबा, हलला!" नवीन ओरडला आणि पेढे आणायला धावलासुद्धा.

गिरधर अंगठ्याकडे बघत राहिला.

"मी तर त्याले काही सांगतलंच न्हाई," तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, उंचावरून कुणी पडला, तर त्याला उठवू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. आहे तसा पडून राहू द्या. मान-पाठ हलू देऊ नका, त्याच्याशी बोलत राहा, रुग्णवाहिका बोलवा. नुसतं बघत बसणं फार जड जातं, मला माहीत आहे. तेवढं सोसा. तुमच्या मायेचा झटका मला सोसत नाही.

गिरधर अजून रोज सकाळी हुकूम सोडतो, "हल." मी तो घेऊन मानेतून, छातीतून खाली निघतो. शेवटच्या बरगडीपाशी वाट संपते. तिथे थांबतो. वर गिरधर डोळे मिटून विचारतो, "ज्योत्स्ना, पाह्य बरं, हलला का?"